तळं अभयारण्यात गेलं, आता जाळं टाकायचं की नाही? ढिवर संस्था आणि ग्रामसभांसाठी कायद्यातल्या व्याख्यांची वाट

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जंगलाला लागून मामा (माजी मालगुजारी) तलाव किंवा धरणाचं पाणी असलेल्या गावांत एक वाक्य नेहमी कानावर येतं : "आता इथं जाळं टाकता येत नाही, तळं वाघाच्या हद्दीत गेलं." कोणी सांगितलं, कोणत्या कागदावर, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. 'वाघाची हद्द' असं कायद्यात काही नाही. कायद्यात आहे ते राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, संवर्धन राखीव, समुदाय राखीव, व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, त्याचा बफर, इको-सेन्सिटिव्ह झोन (संरक्षित क्षेत्राभोवतीचा निर्बंधांचा पट्टा) आणि पाणथळ जागा. या आठांपैकी तुमचं पाणी कशात बसतं, त्यावर मासेमारीचं उत्तर बदलतं.

आमच्या मच्छीमार संस्थेच्या तळ्याचा प्रश्न निघाला तेव्हा हे सगळे कागद मला मुळातून वाचावे लागले. समजावून सांगणारं जवळ कोणी नव्हतं. ज्यांच्यावर आज ती वेळ आली आहे, त्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. गुन्हा आधीच दाखल झाला असेल तर वकील लागेलच. पण वकिलासमोर जाताना आपल्या हातात काय असावं, तेही यात आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. यात मधूनमधून समुद्राचा उल्लेख येईल. कारण आपल्या देशात 'सागरी उद्यान' असा कायद्यातला वेगळा वर्ग नाही. १९८२ सालचं कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान आणि १९८७ सालचं मालवणचं सागरी अभयारण्य ज्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात, त्याच कायद्याखाली ताडोबा आणि नवेगाव येतात. कलमं तीच, व्याख्याही त्याच. त्यामुळे कोकणातल्या कोळ्याला जे वाचावं लागतं, तेच आपल्याकडच्या ढिवराला.

आधी हे कागद गोळा करा

- तळ्याच्या गट क्रमांकाचा सातबारा आणि गाव नकाशा
- निस्तार पत्रक (गावाच्या जळण, चारा, पाणी अशा वापराच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून, प्रमाणित प्रत)
- संस्थेचा तलाव ठेक्याचा करारनामा, ठेका भरल्याच्या पावत्या, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र
- ज्या राजपत्रात क्षेत्र जाहीर झालं त्याची पूर्ण प्रत, हद्दीच्या वर्णनासह
- वन विभागाचा कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्याचा क्रमांक) दाखवणारा नकाशा
- वन्यजीव अधिनियमाची २०२२ च्या दुरुस्तीनंतरची प्रत. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. बाजारात जुन्या अनुसूच्यांची (संरक्षित प्राणी-वनस्पतींच्या याद्यांची) पुस्तकं अजून विकली जातात, ती घेऊ नका.

वाजिब-उल-अर्ज हा शब्द नव्या पोरांनी ऐकलेलाही नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये तो आहे. गावातल्या पाण्याच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या रूढी त्यात नोंदवलेल्या असतात. मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेला हा दस्तऐवज म्हणजे विदर्भातल्या गावांची मोठी जमेची बाजू आहे. मासेमारीची नोंद त्यात शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचं नसलेल्या पाण्यापुरती असते, हे खरं. तरीही मालगुजारी (म्हणजे जमीनदारी) असताना तळ्यावर कोणाचा वावर होता, हे सांगायला त्याच्याइतका जुना पुरावा सहसा दुसरा मिळत नाही. तो मागाच.

१. पाणी कुणाचं, हे आधी ठरवा

बहुतेक जण इथेच घसरतात. "हे तर पाणी आहे, जंगल कुठंय?" असा वाद घालण्यात अर्थ नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम २ मध्ये 'जमीन' या शब्दाची व्याख्या आहे, आणि तिच्यात कालवे, खाड्या, जलाशय, नद्या, ओढे, तळी (नैसर्गिक असोत की बांधलेली), दलदल, पाणथळ भाग, एवढंच काय, दगडधोंडेही येतात. म्हणजे अधिसूचनेत नुसतं 'अमुक कक्षातली जमीन' असं लिहिलेलं असलं तरी त्या कक्षातलं तळं आपोआप आत गेलं.

माजी मालगुजारी तलाव १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानं शासनाकडे आले. त्यानंतर कुठे पाटबंधारे, कुठे जिल्हा परिषद, कुठे ग्रामपंचायत अशी वाटणी झाली. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून कोण आहे ते बघा, आणि ठेका देणारा तोच आहे का तेही ताडून घ्या. ठेका एका खात्याचा आणि जमीन वन विभागाची, असं निघालं तर तुमच्या करारनाम्याचा पायाच कच्चा आहे. हे उद्या कोर्टात कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' अशी नोंद असेल तर जास्तच जपा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच मानायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये दिला आहे.

तोंडी लिलावाबद्दल एक जुना पण आजही उपयोगी निकाल सांगतो. ओडिशातल्या चिल्का सरोवरात मासेमारीचा हक्क काही लोकांनी तिथल्या राजाकडून तोंडी घेतला होता. जमीनदारी गेली आणि सरकारनं तो हक्क मानायला नकार दिला. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की दुसऱ्याच्या पाण्यातले मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतला हक्क आहे आणि तो नोंदणीकृत दस्ताशिवाय मिळत नाही. पैसे भरले होते, पण दस्त नव्हता, म्हणून सगळं गेलं. आपल्याकडे आजही कित्येक बोड्यांचा (लहान तळ्यांचा) 'लिलाव' पारावर बोलून होतो. तो लेखी करून घ्या.

२. राजपत्र मिळवा आणि कलम क्रमांकावर बोट ठेवा

गावाच्या वेशीवरचा फलक हा पुरावा नव्हे. वनरक्षकाचं सांगणंही नव्हे, मग तो माणूस कितीही भला असो. राजपत्रातली अधिसूचना हाच कागद. ती मिळत नसेल तर उपवनसंरक्षक किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या उपसंचालकांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. 'मौजे अमुक, गट क्रमांक अमुक हे क्षेत्र ज्या अधिसूचनेनं समाविष्ट झालं तिची हद्दीच्या परिशिष्टासह प्रत' एवढंच मागा.

प्रत हाती आली की पहिल्या परिच्छेदात 'कलम … अन्वये' कुठे आहे ते शोधा. सगळं त्यात आहे :

- कलम १८ : अभयारण्य करण्याचा इरादा. अजून अंतिम नाही.
- कलम २६अ : अभयारण्याची अंतिम घोषणा.
- कलम ३५ (१) : राष्ट्रीय उद्यानाचा इरादा. कलम ३५ (४) : राष्ट्रीय उद्यान अंतिम.
- कलम ३६अ : संवर्धन राखीव. कलम ३६क : समुदाय राखीव.
- कलम ३८व्ही : व्याघ्र प्रकल्प, त्यात गाभा आणि बफर वेगवेगळे.
- पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ असा उल्लेख असेल तर तो इको-सेन्सिटिव्ह झोन. तो वेगळा कायदा आहे.

मग परिशिष्टातली हद्द वाचा, आणि ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. आमच्याकडे आम्ही तेच केलं. पंचायतीच्या सतरंजीवर गाव नकाशा पसरला, शेजारी कक्षांचा नकाशा ठेवला आणि एकजण एकेक ओळ वाचत गेला : उत्तरेस अमुक कक्षाची सीमा, पूर्वेस नाला, दक्षिणेस तलावाची पाळ. 'पाळ' म्हटल्यावर म्हातारे ढिवर ताडकन उठले. कोणती पाळ? जुनी, की पाटबंधाऱ्यांनी वाढवलेली नवी? दोन्हींच्या मधे उन्हाळ्यात शिंगाड्याची लावण होते तो सगळा उथळ भाग होता. तो आत की बाहेर, हे त्या एका शब्दावर होतं. हद्द रस्ते, नद्या, डोंगरकडे अशा सहज ओळखू येणाऱ्या खुणांनी सांगितली तरी चालते, असं कायदाच म्हणतो. त्यामुळे अशा जागा राहून जातात. त्यावर लेखी खुलासा मागा. तोंडी 'तेवढं चालतं' हे अधिकारी बदलला की चालेनासं होतं.

सापळा : "अजून अंतिम अधिसूचना नाही, म्हणजे काहीच लागू नाही." हे चूक आहे. राखीव वनाबाहेरच्या क्षेत्रासाठी कलम १८ खाली इरादा जाहीर झाला की कलम १८अ नुसार प्रवेश, हत्यारं, आग, नासधूस यांवरचे निर्बंध त्याच दिवसापासून लागू होतात. पण त्याच कलमात असंही आहे, की हक्कांचा निवाडा होईपर्यंत बाधित लोकांच्या जळण, चारा आणि इतर वनोपजाची पर्यायी सोय शासनानं करायची. निर्बंध सगळे सांगतात, हा दुसरा भाग कोणी सांगत नाही. तो तुम्ही सांगा.

३. कोणत्या वर्गात काय चालतं

राष्ट्रीय उद्यान सगळ्यात कडक. गुरं चारायला पूर्ण बंदी. हक्कांची चौकशी होते, पण ते हक्क तिथेच चालू ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना नाही. हक्क घ्यायचे, मोबदला द्यायचा आणि मगच अंतिम घोषणा करायची, असा क्रम आहे.

अभयारण्यात मात्र तो अधिकार आहे. कलम २४ (२) (क) नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून जिल्हाधिकारी एखादा हक्क चालू ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फरक हाच आहे. फलकावर दोन्हींचा रंग सारखा असतो, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

संवर्धन राखीव शासनाच्या मालकीच्या जमिनीवर, बहुधा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या पट्ट्यात होतं, आणि त्याआधी स्थानिक लोकांशी चर्चा करणं बंधनकारक आहे. व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. समुदाय राखीव गावानं किंवा खाजगी मालकानं स्वतःहून पुढे येऊन करायचं असतं. तुमच्या संमतीशिवाय ते होत नाही.

बफर म्हणजे अभयारण्य नव्हे. ही गल्लत आपल्याकडे सगळ्यात जास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. २००६ च्या दुरुस्तीनं कलम ३८व्ही आलं. त्यात गाभा क्षेत्र वाघासाठी अबाधित ठेवायचं म्हटलं आहे. बफरची व्याख्या मात्र वन्यप्राणी आणि माणसाच्या सहजीवनाला चालना देणारा, स्थानिक लोकांचे उपजीविकेचे, विकासाचे, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्क मानणारा परिसर अशी आहे. त्याच्या सीमा ग्रामसभेशी आणि तज्ज्ञ समितीशी विचारविनिमय करून ठरवायच्या आहेत. त्यामुळे 'बफरमध्ये आलं म्हणून मासेमारी बंद' एवढं म्हणणं पुरेसं नाही. कोणत्या कलमाखाली बंद, हे विचारा. बफरच्या आत एखादं अभयारण्य असू शकतं, तिथे अभयारण्याचे नियम लागतील. राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियमाचे. पण बफर हा शब्द एकटा बंदी आणत नाही.

इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये तीन याद्या असतात : मनाई, नियंत्रित, प्रोत्साहन. खाणी, दगडफोडी, प्रदूषण करणारे कारखाने मनाईत असतात. गावकऱ्यांची चालू शेती, दुग्धव्यवसाय, मत्स्यपालन बहुतेक अधिसूचनांत चालू राहतं. मसुदा निघाल्यावर हरकतींसाठी साठ दिवस मिळतात. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरसकट किमान एक किलोमीटरचा झोन सांगितला होता, तेव्हा आपल्याकडे बरीच घबराट झाली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं तो आदेश शिथिल केला. जुन्या बातमीची कात्रणं अजून फिरतात, त्यावर विसंबू नका.

४. चार शब्द ज्यांवर शिक्षा ठरते

इथे घाई करू नका.

वन्य प्राणी म्हणजे अनुसूची एक किंवा दोनमध्ये नाव असलेला आणि निसर्गात मुक्त आढळणारा प्राणी. रोहू, कटला, मरळ त्यात नाहीत. तळ्यातली कासवं आहेत, पाणमांजर आहे. समुद्रात २००१ साली देवमाशासारखा दिसणारा व्हेल शार्क हा महाकाय मासा अनुसूचीत आला, आणि त्यानंतर तो धरणं हा गुन्हा झाला. मासा म्हणून सूट नाही, यादीत नाव आहे की नाही हेच बघायचं.

वन्यजीव ही व्याख्या त्याहून रुंद आहे. अधिवासाचा भाग असलेला कोणताही प्राणी, पाण्यातली आणि जमिनीवरची वनस्पती, सगळं त्यात येतं. 'प्राणी' या व्याख्येत मासे स्पष्टपणे घातलेले आहेत. म्हणजे अभयारण्याबाहेरच्या तळ्यातली मरळ तुमच्यासाठी फक्त मासळी. तीच मरळ अभयारण्याच्या हद्दीत 'वन्यजीव', आणि कलम २९ खाली परवान्याशिवाय तिला हात लावता येत नाही. शिंगाडा आणि कमळकंदही त्यात आले.

शिकार ही व्याख्या 'वन्य प्राण्या'ला जोडलेली आहे, 'वन्यजीवा'ला नाही. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, तसा प्रयत्न करणं, आणि रानपक्ष्यांची वा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी बिघडवणं म्हणजे शिकार. गोंदियाकडे सारस धानाच्या बांधीत आणि तळ्याच्या काठावर घरटं करतो. डोंगा (लाकडी होडी) लावताना ते तुटलं तर तुम्ही या व्याख्येच्या अगदी जवळ जाता, तेव्हा पोरांना नीट सांगून ठेवा.

हा फरक कागदी वाटेल, पण शिक्षेत तो फार मोठा आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकारीचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड. अनुसूचीत नसलेले मासे धरल्याबद्दल कलम २७ (प्रवेश), २९ (वन्यजीव नेणं), ३१ (हत्यारासह प्रवेश) यांचा भंग झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेही कमी नाही. पण गुन्हा अहवालात नुसत्या मरळीसाठी 'शिकार' लिहिलेलं असेल तर तुमच्या वकिलाला पहिल्याच दिवशी ते दाखवा.

हत्यार या व्याख्येत बंदूक आणि धनुष्यबाणाबरोबर जाळी, गळ, सुरी, फास हेही आहेत. त्यामुळे अभयारण्यातल्या वाटेनं खांद्यावर जाळं घेऊन पलीकडच्या गावी जाणं, मासा न धरताही, कलम ३१ मध्ये बसू शकतं. सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याची मुभा तुम्हाला आहे, जाळ्याला नाही. पलीकडे जाळं न्यायचंच असेल तर बाहेरच्या रस्त्यानं न्या.

सापळा : वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे 'मासेमारीची परवानगी द्यावी' असा अर्ज करून वर्षभर वाट बघणं. कलम २८ खाली प्रवेशाची परवानगी अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार अशा कामांसाठी मिळते. मासेमारी त्या यादीत नाही. परवानगी मागण्याची वाट बंद आहे, हक्क मागण्याची वाट उघडी आहे. ती पुढे सांगतो.

५. 'पाणथळ' म्हटलं की आनंदून जाऊ नका

वाळूउपसा किंवा भराव थांबवायला 'हे पाणथळ आहे' असा अर्ज करण्याकडे पोरांचा कल असतो. हेतू चांगला आहे, पण २०१७ च्या पाणथळ नियमांतली व्याख्या आधी वाचा. दलदल किंवा पाणी, नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा हंगामी, गोडं वा खारं, आणि ओहोटीला सहा मीटरपेक्षा खोल नसलेलं समुद्राचं पाणीसुद्धा पाणथळ. पण नदीचं पात्र, धानाच्या बांध्या, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, आणि मत्स्यपालन, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी खास बांधलेली बांधकामं वगळलेली आहेत.

मामा तलाव मुळात धानाला पाणी द्यायला बांधलेले. त्यामुळे पुष्कळसे मामा तलाव या व्याख्येबाहेर पडतात, आणि अर्ज तेवढ्यावर फेटाळला जातो. बुलढाण्याचं लोणार वेगळं. ते उल्कापातानं झालेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर, २०२० मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेलं. लोणारचा नियम आपल्या बोडीला लावता येत नाही.

६. हक्क कुठे आणि कधी मागायचा

अधिसूचना कलम १८ ची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी साठ दिवसांत प्रादेशिक भाषेत, म्हणजे मराठीत, गावागावांत उद्घोषणा करायची असते. उद्घोषणेपासून दोन महिन्यांत लेखी दावा द्यायचा. हे दोन महिने चुकवू नका. ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवलेला कागद वारा-पावसानं जातो आणि मुदत निघून जाते. कोतवालाला आणि सरपंचाला सांगून ठेवा, आणि दाव्याच्या प्रतीवर पोच घ्या.

पण आपल्या भागातली बरीच क्षेत्रं राखीव वनातली आहेत, आणि तिथे ही वाटच नाही. कलम १८ राखीव वन आणि देशाचा सागरी प्रदेश, म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी, या दोन्हींना बाजूला ठेवतं. त्यांची घोषणा थेट कलम २६अ खाली होते. समुद्राच्या बाबतीत मात्र कायद्यानं तिथेच याही अटी घातल्या आहेत : हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी विचारविनिमय करून ठरवायची, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज आधी करायची. राखीव वनातल्या तळ्यावरच्या ढिवराबद्दल तसं एक अक्षर नाही. कारण राखीव वन होतानाच हक्कांचा निवाडा झाला असं गृहीत धरलेलं आहे. तो निवाडा आपल्या पणजोबांच्या काळात, त्यांना न कळता झालेला असू शकतो. मला हा भेद अन्यायाचा वाटतो, आणि ग्रामसभांनी आमदार-खासदारांपुढे तो मांडायला हवा.

ही उणीव वन हक्क कायदा, २००६ भरून काढतो. त्याच्या 'वनजमीन' या व्याख्येत राखीव वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान सगळं येतं. कलम ३ (१) (घ) मध्ये मासे आणि जलाशयातली इतर उत्पादनं यांवरचा सामुदायिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. त्यातून शिकारीचा हक्क वगळला आहे, पण त्या कायद्यातही 'वन्य प्राणी' म्हणजे अनुसूचीतलाच प्राणी. मरळ धरणं ही त्या अर्थानं शिकार नाही. चौथ्या मुद्द्यातला फरक इथे कामी येतो.

दावा असा टाका :

१) ग्रामसभा बोलावून वन हक्क समितीकडे नमुना 'ब' भरा. जंगल-तळं सगळ्याच्या व्यवस्थापनाचा हक्क हवा असेल तर नमुना 'क' वेगळा. मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गावानं २००९ साली तोच मिळवला.

२) ढिवर समाज अनुसूचित जमातीत नाही, त्यामुळे 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वावर दाखवावा लागतो. गावात गोंड, हलबा, माडिया कुटुंबं असतील तर ग्रामसभेचा एकत्र दावा करा.

३) एकाहून जास्त पुरावे जोडा. जुना निस्तार, वाजिब-उल-अर्ज, जनगणना, वन विभागाचा जुना कार्य आराखडा, आणि दावेदार नसलेल्या वृद्धांचं लेखी निवेदन. नियमांत मासेमारीच्या पारंपरिक जागा हा पुराव्याचा प्रकारच सांगितला आहे. तळ्यातल्या जागांना तुमच्याकडे जी नावं आहेत ती नकाशावर लिहा.

४) वन विभाग आणि महसूल विभागाला पाहणीची लेखी सूचना द्या, पोच ठेवा.

५) ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. फेटाळल्याचं कारण लेखी मागा.

सापळा : पेंच राष्ट्रीय उद्यानाचा दाखला देऊन "कोर्टानं राष्ट्रीय उद्यानातही मासेमारी दिली" असं सांगणारे भेटतील. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं तोतलाडोह जलाशयात मध्य प्रदेश शासनानं उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना दिलेले ३०५ परवाने कायम ठेवले, हे खरं. पण उद्यानाची अंतिम अधिसूचना तोवर निघाली नव्हती, त्यांचे हक्क मिटवलेले नव्हते, आणि परवान्यांवर फोटो ओळखपत्र, काठावर आग न पेटवणं अशा कडक अटी होत्या. तो निकाल सांगतो, की अधिसूचना कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी बघा. सरसकट मोकळीक त्यात नाही.

७. जाळं किंवा डोंगा जप्त झाला तर

पंचनामा जागेवर व्हावा, आणि त्यात कक्ष क्रमांक, जीपीएसचे आकडे, पकडलेल्या माशांची नावं व वजन लिहिलेलं असावं, यावर शांतपणे अडून राहा. नुसतं 'मासे' लिहू देऊ नका. 'मरळ, ३ नग' असं नाव लिहिलेलं असेल तर अनुसूचीचा प्रश्न तिथेच स्पष्ट होतो. जाळ्यात कासव सापडलं असेल तर ते लपवू नका. जिवंत सोडलं असेल तर तसं लिहून घ्या.

जबाब देताना विशेष सावध. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या प्राधिकृत अधिकाऱ्यानं आरोपीच्या समोर नोंदवलेला जबाब कलम ५० नुसार खटल्यात पुरावा म्हणून घेता येतो. न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा आणि तसं सहीखाली लिहा.

जप्त वाहन 'सरकारजमा झालं, आता मिळत नाही' असं सांगितलं जातं. खटला चालू असताना अंतरिम ताबा देण्याचा दंडाधिकाऱ्यांचा अधिकार संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. कायद्याच्या 'वाहन' या व्याख्येत पाण्यावरून नेणारं साधनही आहे, बैल आणि रेडाही आहे. म्हणजे डोंग्यासाठीच नव्हे, मासळी वाहणाऱ्या बैलजोडीसाठीही हा अर्ज करता येतो. तो लवकर करा, कारण लाकडी डोंगा वन आगाराच्या उन्हात एक उन्हाळा पडून राहिला की त्याला फटी पडतात आणि परत मिळूनही तो पाण्यात घालता येत नाही.